देवाशी धरलेला अबोला

कडकबाईचा राग नाकावर असतो, असं तिला ओळखणारे सगळे सांगत. ते खरं नव्हतं. नाकावरचा राग शिंकेबरोबर उडून जातो. हिचा राग हाडात मुरलेला होता आणि त्याला धडधडीत कारण होतं. ते कारण ऐकून घ्यायची तयारी कुणाची नव्हती, मग तिच्या नाकाला दोष देणं सोपं.

नाव पडलं ते हॉस्पिटलच्या लाँड्रीत. डॉक्टरांचे कोट तिच्या हातची खळ लागून निघाले की हँगर काढला तरी उभे राहतील असे निघायचे. एका सिस्टरने गमतीने तिला कडकबाई म्हटलं, आणि तिचं बोलणं ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं त्यांनी ते नाव लगेच उचललं. खरं नाव हजेरीपटावर आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तेवढं उरलं. नवरासुद्धा कधीमधी कडकबाई म्हणायचा, पण तिच्या हाताच्या टप्प्याबाहेर उभा राहून.

लाँड्री तळघरात होती. भिंतीला लागून धुण्याचे मोठाले ड्रम, शेजारी कपडे गरगर फिरवून पिळणारं यंत्र, आणि मधोमध रोलर. वाफेने तापलेले लांबलचक लोखंडी रूळ, त्यांच्यामधून ओली चादर आत सोडायची, पलीकडून ती सपाट आणि गरम बाहेर येते. दोघी बायका दोन टोकं धरून चादर सोडतात, बोटं सांभाळतात, मग पलीकडे जाऊन एकमेकींकडे चालत येत घडी घालतात. या सगळ्या खडखडाटात कुजबुजलेलं ऐकू येत नाही, म्हणून लाँड्रीत सगळेच ओरडून बोलतात. तिथून वर गेलेली बाई वरच्या लोकांना भांडखोर वाटते ती त्यामुळेच. कडकबाईच्या बाबतीत मात्र हे कारण अर्धंच लागू होतं.

तिथे तिने एक फळी स्वतःच्या हिकमतीवर राखून ठेवली होती. नवी चादर दिसायला झकास, पण अंगाला कागदासारखी घासते. जुनी, धुऊन धुऊन विरायला आलेली चादर मऊ असते. जे पेशंट आता उठून बसणार नाहीत, त्यांच्यासाठी ती अशा चादरी बाजूला काढायची आणि वॉर्डातून निरोप आला की स्वतः वर नेऊन घालायची. तिला असं करायला कुणी सांगितलं नव्हतं. सुपरवायझरने एकदा विचारलं, या फाडून फडकी का करत नाही? तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्या माणसाने तो विषय पुन्हा काढला नाही.

रविवारी ती चर्चमध्ये. लग्न होऊन चर्चच्या या मंडळीत, म्हणजे इथल्या भाविकांच्या जमातीत, आली तेव्हापासून प्रभुभोजनाच्या मेजावरची वस्त्रं धुणं तिच्याकडे होतं. प्याला पुसायचं छोटं वस्त्र आधी साध्या पाण्यात हाताने खळबळायचं, आणि ते पहिलं पाणी गटारात न ओतता मातीत ओतायचं, कारण त्यात प्रभूचं रक्त मानलेल्या द्राक्षारसाचा एखादा थेंब असू शकतो. आवारातल्या झाडाच्या बुंध्याशी ती ते पाणी ओतायची. त्या वेळी तिच्याशी कुणी बोललेलं तिला खपत नसे.

आता या मंडळीची एक रीत सांगायला हवी, कारण घोडं तिथेच पेंड खातं. कुणी आजारी पडलं की इतर ठिकाणी लोक तो बरा व्हावा म्हणून प्रार्थना करतात. इथली मंडळी एक पाऊल पुढे. माणूस अंथरुणात तापाने फणफणत असतानाच तो बरा झाला म्हणून देवाचे आभार मानून मोकळी. याला ‘विश्वासाची उपकारस्तुती’ म्हणत. गाणी, टाळ्या, उभं राहून दिलेल्या अनुभवाच्या साक्षी, सगळं यथासांग. आणि एकदा उपकारस्तुती झाली की आजाराचं नाव काढायचं नाही. दुखतंय म्हणायचं नाही, भीती वाटते म्हणायचं नाही. म्हटलं तर तो अविश्वास, आणि अविश्वास दिसला की दिलेलं वरदान देव काढून घेतो. बाजारात तुरी, आणि इथे वाढून जेवणंसुद्धा आटोपलेली.

रीत पाडली मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांमधले सगळ्यात वजनदार. फार पूर्वी ते छातीत दुखून हॉस्पिटलात होते, तेव्हा त्यांनी पलंगावर पडूनच उपकारस्तुती करवून घेतली आणि खडखडीत बरे होऊन घरी आले. औषधंही चालू होती, पण औषधांच्या वतीने साक्ष द्यायला कुणी उभं राहत नाही. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर परवडलं असतं. निम्म्या मंडळीला त्याने पाढे शिकवले होते, आणि बरोबर असण्याची सवय त्याच्या अंगवळणी पडली होती. चर्चचा पाळक, म्हणजे पाद्री, तरुण, तोही मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. मास्तर बोलले की तो मान डोलवायचा.

कडकबाईला एकच लेक. चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि घरी येऊन त्यांच्या नकला करायची. कोण दिसत नसताना ठोकून देतो, कोण चुकेल म्हणून पुटपुटतो, कोण आधीच्या माणसाचं ऐकून पाठ करून येतो. आईच्या तोंडाचा पट्टा आणि बापाची थट्टेखोर वृत्ती, दोन्ही तिने बरोबर उचलली होती. तिला रक्ताचा आजार झाला आणि आई ज्या हॉस्पिटलच्या तळघरात काम करायची त्याच हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर तिला आणून ठेवावं लागलं.

उपकारस्तुती दणक्यात झाली. सगळ्यात मोठ्या टाळ्या कडकबाईने वाजवल्या. हे ती पुढे कुणाला विसरू देत नसे, स्वतःला तर नाहीच.

त्यानंतरच्या एका दुपारी ती लेकीला भेटायला वर गेली. लेक खिडकीकडे बघत पडली होती.

"आई, मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"असं बोलू नये. उपकारस्तुती झालीय ना?"

"झालीय गं. तरी वाटतेय."

"शू. देव ऐकतो."

लेकीने मान आईकडे वळवली. मग म्हणाली, "बरं, मग काय बोलू?"

"गाणं म्हण."

तिने गाणं म्हटलं. दम पुरेना, तेव्हा अर्ध्यावर सोडलं आणि आज कुणाच्या कोटाला खळ जास्त झाली ते विचारत बसली. भीतीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. एका सकाळी आई खाली रोलरवर चादरी सोडत असताना तिने वर प्राण सोडला. देव ऐकतो हे शब्द, बघा, आईने लेकीचं तोंड बंद करायला वापरले होते. हे जिच्या पदरी आहे तिने कडक होऊ नये तर काय व्हावं?

दफन झाल्यावर मास्तर घरी आले. कडकबाई त्यांच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आली होती. मास्तर अगदी हळुवार आवाजात म्हणाले, "कुठेतरी विश्वास कमी पडला असावा, बाई. मन तपासून बघा." नवऱ्याने पटकन उठून तिच्या हातातला पेला काढून घेतला, म्हणून मास्तर कोरडे घरी गेले.

पुढच्या रविवारी साक्षी द्यायची वेळ आली तेव्हा ती उभी राहिली. लाँड्रीत कमावलेला आवाज, माईक लागला नाही.

"माझ्या लेकीला मरणाची भीती वाटत होती. तिला ते मला सांगायचं होतं. मी सांगू दिलं नाही, कारण आपण सगळ्यांनी टाळ्या पिटून आधीच आभार मानले होते. आता म्हणतात, विश्वास कमी पडला. प्रभू स्वतः क्रुसावर ओरडला, देवाने मला टाकलं म्हणून. त्याला जाऊन सांगा की तुझा विश्वास कमी पडला. आहे कुणाची छाती?"

पाळकाने मास्तरांकडे पाहिलं.

"देवाचं काम मी सोडणार नाही," ती पुढे म्हणाली. "पण आजपासून मी त्याच्याशी बोलणार नाही. मी पुष्कळ बोलले. आता त्याची पाळी."

झालं. पंचांची बैठक बसली आणि दोन दिवसांनी पाळक तिच्या दारात आला. बिचारा खुर्चीच्या कडेवर टेकला होता.

"थोडे दिवस विश्रांती घ्या, बाई. मेजाची वस्त्रं दुसऱ्या कुणाकडे देऊ. तुम्ही मंडळीसमोर पश्चात्ताप केलात की मग परत..."

"कशाचा पश्चात्ताप?"

"संशयाचा."

"मला राग आलाय. राग आणि संशय यांतला फरक कळत नसेल तर तुम्ही पाळक कसले झालात?"

पाळकाने खाली बघत वस्त्रांची पिशवी आणि कपाटाची किल्ली मागून घेतली. ज्या बाईकडे ते काम गेलं तिने वस्त्रं घरच्या मशीनमध्ये टाकली आणि पहिलं पाणी, दुसरं पाणी, सगळं सरळ गटारात गेलं. त्यावर बैठक कुणी बसवली नाही. एका आईच्या खरं बोलण्याने बाटणारी मंडळी द्राक्षारस गटारात गेला तरी शाबूत राहते, हे कडकबाईला तेव्हा कळलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अबोला म्हणजे काय हे आपल्या घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. बोलायचं नाही, पण डबा भरून द्यायचा. बोलायचं नाही, पण माणूस यायचा असेल तर दाराला आतून कडी घालायची नाही. कडकबाईने देवाशी तसा अबोला धरला. दर रविवारी ती चर्चला जायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. गाण्यात तोंड मिटलेलं, प्रार्थनेत डोळे उघडे. उपासना संपली की कुणी सांगितलेलं नसताना आवार झाडून घ्यायची. तिच्या बाकावर दुसरं कुणी बसेना. ज्या बायका पूर्वी तिच्याकडे आपल्या मुलींच्या पोशाखांना खळ लावून मागायला यायच्या, त्या आता दारातच चपला शोधण्यात गुंग व्हायच्या. संशय साथीसारखा पसरतो असं मास्तर प्रवचनात म्हणाले, तेव्हा झाडून सगळ्या माना मागे वळता वळता थांबल्या, म्हणजे कुणाबद्दल चाललंय ते तान्ह्या बाळालाही कळलं असतं.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. लेकीच्या दफनानंतर त्याने चर्चची पायरी चढणं सोडलं होतं, पण बायकोला तो कधी अडवत नसे.

"देवाशी अबोला आणि माझ्याशी भांडण," तो एकदा डोळ्याचं भिंग काढत म्हणाला. "जरा उलटं करता नाही का येणार?"

"तुम्ही उत्तर देता म्हणून तुमच्याशी भांडते," ती म्हणाली.

त्यावर त्याने भिंग परत डोळ्याला लावलं.

रोलरवरची तिची जोडीदारीण चर्चची नव्हती आणि कुठल्याच देवाची नव्हती. चादरीचं टोक धरून ती एके दिवशी ओरडली, "अगं, तिकडे कुणी आहे तरी का? का रिकाम्या घराशी अबोला धरून बसलीस?"

कडकबाईने तिला नेहमीसारखं तोडलं असतं, पण ती नुसती पुढची चादर आत सोडत राहिली. हा प्रश्न तिच्या मनात होताच, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती. खरंच नसेल कुणी, तर लेकीचं ते बोलणं कुठे गेलं? हवेत? त्या विचाराचाच तिला आणखी राग यायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी ती पुढच्या रविवारी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसली. उत्तर सापडलं नव्हतं. सापडेपर्यंत आपण जागा सोडायची नाही, एवढं तिचं ठरलं होतं.

या काळात तिने एक वाक्य मात्र घोटून घोटून तयार ठेवलं होतं. कुठेतरी विश्वास कमी पडला असावा, मास्तर. चादर आत सोडताना ती ते मनात म्हणायची. कधी हळुवार आवाजात, अगदी त्यांच्यासारखं, कधी दात खाऊन. आज ना उद्या मास्तरांच्या घरावरही वेळ येईल, वेळ कुणाला चुकलीय? तेव्हा ते वाक्य त्यांच्या ओंजळीत परत घालायचं. असा विचार ख्रिस्ती माणसाने करू नये हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही तो केल्याशिवाय तिच्याने राहवत नव्हतं.

वेळ आली. पण मास्तरांवर न येता ती त्यांच्या बायकोवर, मास्तरीणबाईंवर आली.

मास्तरीणबाई रविवारच्या शाळेत लहान मुलांना गाणी शिकवायच्या. कडकबाईच्या लेकीलाही त्यांनीच शिकवली होती. कडकबाईला वाळीत टाकल्यावर सगळ्या मंडळीत त्या एकट्या तिच्याकडे बघून मान हलवायच्या. नवऱ्याच्या देखत तेवढंही पुष्कळ होतं. त्यांच्या पोटात काहीतरी वाढत होतं आणि कळलं तेव्हा हातातून गेलेलं होतं. उपकारस्तुती मागच्याच रविवारी झाली. कडकबाईने ती शेवटच्या बाकावरून, टाळ्या न वाजवता पाहिली.

मग एका दुपारी वॉर्डातून सिस्टरचा फोन खाली आला, कोपऱ्यातल्या खोलीसाठी तुमच्या फळीवरची चादर पाठवा. फोन ठेवताना सिस्टरने पेशंटचं नावही सांगितलं. कडकबाईने फळीवरची सगळ्यात मऊ चादर काढली. ती हातात घेऊन वर जाताना तिच्या ओठांवर काय होतं हे लपवण्यात अर्थ नाही. ते वाक्यच होतं.

खोलीत मास्तरीणबाई एकट्या होत्या. आधीच लहानखुऱ्या, आता उशीच्या अभ्र्याइतक्या उरलेल्या. कडकबाईने नेहमीचं काम सुरू केलं. पेशंटला अलगद एका कुशीवर वळवायचं, मळकी चादर पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची, तिच्या जागी नवी अर्धी पसरायची, मग पेशंटला त्या मऊ बाजूवर घेऊन उरलेली ओढून काढायची. मास्तरीणबाईंनी मधेच तिचं मनगट धरलं.

"कडक, तू तुझ्या लेकीचं ते सगळ्यांसमोर बोललीस ना?"

"बोलले. त्याची फळं भोगतेय."

"मला पण वाटतेय गं."

"काय?"

"तेच. भीती. यांना सांगायला गेले की हे गाणं सुरू करतात. घसा चांगला आहे यांचा, काय करणार? वेळ थोडा राहिलाय. ज्याचं जळतं त्याला कळतं. यांना खूप काही सांगायचंय मला आणि हे मला तोंड उघडू देत नाहीत. तुझ्या तोंडाला घाबरतात बघ सगळे. तू सांग ना यांना, माझं ऐका म्हणून."

कडकबाईने मळकी चादर ओढून काढली आणि ती हातात धरून उभी राहिली. इतका संताप तिला लेक गेली तेव्हाही आला नव्हता. तशीच खिडकी, तसाच पलंग, आणि पुन्हा एक बाई तोंडावर गाण्याचा बोळा कोंबून मरणार.

तेवढ्यात दार उघडून मास्तर आत आले. मागोमाग मंडळीतले दोघे, हातात गाण्याचे कागद.

"तुम्ही इथे?" मास्तर थबकले. "बाई, या खोलीत संशयाचं माणूस नको. इथे उपकारस्तुती झालेली आहे."

"मी चादर बदलायला आलेय." मग ती मागच्या दोघांकडे वळली. "तुम्ही बाहेर व्हा."

ते लगेच बाहेर झाले. कडकबाईने दार लोटलं आणि काखेत मळकी चादर मारून दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बसा, मास्तर."

"हे तुम्ही काय..."

"बसा म्हणते ना."

जन्मभर दुसऱ्यांना बसवणाऱ्या माणसाला असं कुणी बसवलं नसावं. मास्तर स्टुलावर बसले. आणि ते वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर आलं. दार बंद होतं, माणूस समोर होता, अशी संधी पुन्हा येणार नव्हती. पण पलंगावर मास्तरीणबाई होत्या. वाक्य सुटलं असतं तर आधी त्यांनाच लागलं असतं, आणि तेच बरोबर घेऊन त्या गेल्या असत्या. शिवाय ते वाक्य खोटं होतं. लेकीच्या बाबतीत खोटं, तर यांच्याही बाबतीत खोटंच. मास्तरांना माफ करावं असं तिला क्षणभरही वाटलं नाही. नुसतं ते खोटं तिला आपल्या तोंडात नको होतं. तिने वाक्य गिळलं.

"मला तुम्हाला पुष्कळ सुनवायचंय," ती म्हणाली. "ते आज राहू दे. आज बाईंना बोलायचंय आणि तुम्ही ऐकायचं. गाणं म्हणायचं नाही. बायबलचं वचन काढायचं नाही. मी इथून हलणार नाही."

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, मला भीती वाटतेय."

"असं बोलू नये. उपकारस्..."

शब्द तिथेच थांबला. दाराशी उभ्या असलेल्या बाईमुळे थांबला, की बायकोच्या चेहऱ्यामुळे, ते मास्तरांनाच माहीत. त्यांनी स्टूल पलंगाशी सरकवलं.

"कशाची?" त्यांनी विचारलं.

मास्तरीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या हसल्याही. "तुमची," त्या म्हणाल्या. "तुम्हाला साधा गॅस पेटवता येत नाही. माझ्यामागे काय खाणार तुम्ही, उपकारस्तुती? आणि देवासमोर जायची. लोकांनी मला फार चांगली ठरवून ठेवलीय. मुलांना गाणी शिकवताना कितीदा मलाच त्यातलं काही खरं वाटत नव्हतं. तुम्हाला कधी सांगता आलं नाही. तो तर ओळखणारच ना?"

मास्तरांनी तिचा हात हातात घेतला. "माझ्या छातीत दुखलं होतं ना," ते म्हणाले, आणि हा आवाज हेडमास्तरांचा नव्हता, "तेव्हा मी मरणाला इतका घाबरलो होतो की गप्प बसलो असतो तर किंचाळलो असतो. म्हणून आभार मानायला लावले सगळ्यांना. मोठ्याने. म्हणजे मला माझं ऐकू येऊ नये."

कडकबाईने ते ऐकलं. एवढ्यावरून. एका घाबरलेल्या माणसाला स्वतःची भीती ऐकायची नव्हती, म्हणून मंडळीत रीत पडली, आणि त्या रीतीपायी तिच्या लेकीचं तोंड बंद झालं. तिथल्या तिथे मास्तरांच्या अंगावर धावून जावं असं तिला वाटलं. पण नवरा-बायकोचं बोलणं नुकतं कुठे सुरू झालं होतं, आणि त्यात तिचं काही काम नव्हतं. ती दार उघडून बाहेर आली, मंडळीतले ते दोघे गाण्याचे कागद घेऊन उभेच होते, त्यांना म्हणाली, "आत कुणी जायचं नाही," आणि जिन्याने खाली गेली.

पुढचं इथेच सांगून टाकलेलं बरं. मास्तरीणबाई त्याच आठवड्यात गेल्या. मास्तरांनी मंडळीसमोर उभं राहून काही कबूल केलं नाही, तेवढी छाती त्यांना अजूनही आली नव्हती. पण उपकारस्तुतीचा आग्रह त्यांनी पुन्हा धरला नाही आणि ती रीत हळूहळू बंद पडली. मेजाची वस्त्रं कडकबाईकडे परत आली नाहीत. तिच्या पश्चात्तापाची पंच मंडळी अजून वाट बघतेय. बघू दे.

त्या दुपारी लाँड्रीत बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या. तिने मळकी चादर ड्रममध्ये टाकली, वर आणखी ढिगारा कोंबला, दार आपटून लावलं आणि बटण दाबलं. पाणी भरायला लागलं, ड्रम फिरायला लागला, आणि त्या आवाजात ती लेक गेल्यापासून पहिल्यांदा देवाशी बोलली. बोलली कसली, ओरडली.

"कशाची, एवढंच विचारायचं होतं मी. एक शब्द. त्या माणसाच्या तोंडात घातलास, माझ्या तोंडात का नाही घातलास? त्याने काय असं केलं होतं तुझ्यासाठी? तुझी वस्त्रं मी धुतली. तुझ्या मंडळीने मला शेवटच्या बाकावर बसवलं, तरी तुझं आवार मी झाडलं. आणि माझी लेक गाणं म्हणत गेली, मी म्हणायला लावलं म्हणून. मी इथे खाली होते. वर तिच्याजवळ तूच होतास, होतास ना? तिला कशाची भीती वाटत होती ते मला कधीच कळणार नाही. ते आता एकट्या तुला ठाऊक आहे. म्हणून तर तुला सोडता येत नाही मला. नाहीतर कधीच सोडला असता, कळलं का? सांग. मी कुठे जात नाही. तू सांगेपर्यंत रोज विचारणार आहे."

ड्रम थांबला. तिने दार उघडलं आणि ओल्या, जड चादरी दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढायला लागली. तोंड चालूच होतं.